भिंतीवरची पेन्शन

आमच्या दाजींसारखा बूट शिवणारा कारागीर मी बघितला नाही, आणि त्यांच्यासारखा आडमुठा माणूसही बघितला नाही. थोरल्या बहिणीचा नवरा म्हणून तोंड आवरायचो, नाहीतर केव्हाच कडाक्याचं भांडण झालं असतं.

दुकान म्हणजे भाड्याची एक खोली. तिन्ही भिंतींवर लाकडी पाय टांगलेले. गिऱ्हाईकाच्या पायाचं माप घेऊन लाकडात कोरलेला साचा, त्याला फर्मा म्हणतात. ज्याचा फर्मा दाजींच्या भिंतीवर, तो जन्मभर दाजींचा. पुढं वय झालं, अंगठ्याजवळचं हाड बाहेर आलं, की दाजी फर्म्यावर नेमकं तिथं चामड्याचं ठिगळ चिकटवायचे. कोण थकला, कोणाचे पाय सुजतात, सगळं त्यांना ठाऊक.

मी पाणीखात्यात फिटर. माझ्या पगारातून पेन्शनचे पैसे कापले जायचे. दाजींना म्हणायचो, "तुम्हीही थोडं बाजूला टाका की. हात काय जन्मभर चालणारेत?"

"माझी पेन्शन भिंतीवर टांगलीय," दाजी म्हणायचे. "तुझी सरकारनं बुडवली तर काय करशील? नळ चावशील?"

पालथ्या घड्यावर पाणी! पण ते अगदीच चूक नव्हते, हेच तर जिवाला लागतं. त्या धंद्यात रीतच तशी होती. दाजींच्या उस्तादानं हात थकल्यावर सगळे फर्मे त्यांच्या हवाली केले, फर्म्यांमागं गिऱ्हाईकं आली, आणि त्या बदल्यात दाजींनी उस्तादाला मरेपर्यंत दरमहा पैसे पोचवले. घरात ओढाताण असली तरी चुकवले नाहीत. आता आपल्यालाही कोणीतरी असंच पोसेल, हा त्यांचा हिशोब. मूलबाळ नाही. चार पैसे हाती आले की ते चांगल्या लाकडात घालायचे.

मग हात थरथरायला लागले. आरी धरवेना. दाजींनी दारावर 'दुकान चालवायला द्यायचंय' अशी पाटी लावली आणि वाट बघत बसले. बऱ्याच दिवसांनी एक तरुण आला. त्या दिवशी मी तिथंच होतो. दाजींची कळी अशी खुलली! एकेक फर्मा काढून दाखवायला लागले. "हे वकीलसाहेब, डावा पाय जरा मोठा. ह्या मास्तरीणबाई, टाच फार नाजूक."

"काका, यातले जिवंत किती?" त्यानं विचारलं. उद्धटपणे नाही, सहजच.

दाजी बोटानं भिंतीवर शोधायला लागले. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेले, आणि बोट तसंच राहिलं. जे जिवंत होते तेही आता तयार बूट घेतात, हे मला माहीत होतं.

त्या तरुणाला मोबाईलच्या दुकानासाठी नुसती खोली हवी होती. तो थेट घरमालकाशी बोलला. फर्मे बेकरीच्या भट्टीत गेले, आणि ते वाहून न्यायचे पैसेही आम्हीच भरले. तेलही गेलं, तूपही गेलं.

आता सत्तरीत दाजी एका मोठ्या दुकानाच्या दारात वॉचमन आहेत. दिवसभर उभं राहायचं, बसायचं नाही. बूट कंपनीचे, सगळ्यांना सारखेच, दाजींना मोठे होतात. स्वतःचे घातले तर पगार कापतात.

परवा गेलो तेव्हा गरम पाण्यात पाय घालून बसले होते. टाचांची सालटं निघालेली. ताई कापसानं पुसत होती. माझं डोकंच फिरलं.

"दाजी, किती दिवस चालणार हे?"

"उभं राहवतंय तोवर," ते पाण्याकडे बघत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला उलट बोलले नाहीत.

निघताना ताई दारापर्यंत आली. मागं वळून बघितलं, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "आणि मग रे? त्याच्यानंतर?"

माझ्या पेन्शनीत माझंच घर कसंबसं चालतं. मी चपला शोधत राहिलो. त्या माझ्या पायातच होत्या.