टर्बोच्या तेलाचा उतार

गाडी सुरू करून पाच मिनिटं झाली आणि सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. तिसऱ्यांदा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. मी इंजिन बंद केलं आणि तोंडातून एक शिवी गेली. गाडीची मालकीण शेजारीच उभी होती. तिने ऐकलं नाही असं दाखवलं, हा तिचा चांगुलपणा.

तो गुरुवार होता. शर्यत रविवारी, चाकणच्या पुढच्या एका मैदानावर.

अनुजा मॅडम चाकणला एका कंपनीत डिझाइन इंजिनियर. गाड्यांच्या डॅशबोर्डचे प्लॅस्टिकचे भाग त्या आखतात. स्वतःच्या पगारातून त्यांनी एक जुनी पेट्रोल सेडान घेतली होती, फक्त शर्यतीसाठी. शर्यतीसाठी केलेले बदल रस्त्यावर चालत नाहीत, त्यामुळे ती कायम ट्रकवर चढूनच यायची. गेल्या वर्षी त्या शेवटच्या आल्या होत्या. यंदा टर्बो लावून उतरायचं होतं. आणि सोमवारी कंपनी त्यांना दोन वर्षांसाठी चेन्नईच्या प्लांटला पाठवत होती. गाडीचं गिऱ्हाईकही ठरलं होतं. म्हणजे हा रविवार गेला की गेला. मी त्यांना महिनाभर आधी शब्द दिला होता, "शनिवारी गाडी तयार."

माझं काळेवाडीत गॅरेज आहे. त्याआधी बावीस वर्षं मी एका प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला होतो. पत्रा दाबणाऱ्या मोठ्या प्रेस, त्यांचं हायड्रॉलिक, त्यांच्या नळ्या. नळ्यांच्या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मला वाटायचं. हे वाक्य लक्षात ठेवा, यातच सगळा घोळ आहे.

टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनमधून बाहेर जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चक्र असतं, ते इंजिनमध्ये जास्त हवा कोंबतं. जास्त हवा, जास्त ताकद. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, म्हणून त्याला सतत तेल लागतं. तेल वरून एका बारीक नळीने येतं आणि खालच्या जाड नळीने इंजिनच्या तळाच्या भांड्यात परत जातं. त्या भांड्याला सम्प म्हणतात, आणि परत जाणाऱ्या नळीला ड्रेन.

पहिल्या धुराला आम्ही येणारं तेल कमी केलं. दुसऱ्या धुराला टर्बो उतरवून गॅस्केट बदललं. तिसऱ्या धुराला माझा पार्टनर बालाजी कपाळाला हात लावून बसला. हा उदगीरचा, वेल्डिंगमध्ये उस्ताद.

"अण्णा, टर्बोच बोगस हाय. सील गेलंय बगा. टर्बोचं किट ज्याच्याकडनं घेतलो त्या किटवाल्याला मी फोन करून सांगितलो. बदलून देतो म्हणला."

"कधी?"

"धा दिवस लागतेत म्हणे."

अनुजा मॅडम हेल्मेटची पिशवी खांद्याला लावून निघून गेल्या. मला त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्रीत काही सुचलं नाही. शुक्रवारी खंडेनवमी. आमच्या या सगळ्या पट्ट्यात त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. कंपनीत प्रेस बंद करून झेंडूच्या माळा घालायचे, गॅरेजमध्ये आम्ही पाने, हातोडे, वेल्डिंगची गन, सगळं पाटावर मांडतो. दसऱ्याच्या सकाळची पूजा होईपर्यंत काहीही उचलायचं नाही. एरवी मला हे फार आवडतं. त्या दिवशी जीव वरखाली होत होता. समोर गाडी बॉनेट उघडून उभी, टर्बो परत उतरवून बघायची खुमखुमी, आणि पाने हळदीकुंकू लावून बसलेले. एकदा माझा हात पाटाकडे गेलाही.

"अण्णा," बालाजी म्हणाला, "न्हाई म्हणजे न्हाई."

दुपारी अनुजा मॅडम पेढे घेऊन पूजेला आल्या. नमस्कार केला, स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी गाडीकडे बघत बसल्या. दोघांनाही काही करण्यासारखं नव्हतं.

"काका, ही जाड नळी किती छान वळवलीय हो."

खरंच छान वळवली होती. टर्बोच्या बरोबर खाली एसीचा कॉम्प्रेसर येत होता. त्याला वळसा घालून मी नळी खाली नेली होती, मग जरा वर उचलून सम्पला जोडली होती. आणि मध्ये हातभर ढील ठेवली होती. प्रेसवर पहिल्या दिवशी शिकवतात, नळी कधी ताणून बसवायची नाही. ताणली की फुटली.

"हिच्यात प्रेशर किती असतं?" त्यांनी विचारलं.

"हिच्यात? काहीच नाही. तेल बेअरिंगमधून बाहेर पडलं की प्रेशर संपलं. आपल्या वजनाने खाली पडतं नुसतं."

"मग इथे वर कसं चढतं?"

मी बोट नळीवर ठेवलं. खाली, खाली, वळसा, आणि मग चार बोटं वर. बोट तिथेच राहिलं. माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढलं, खोटं कशाला सांगू.

तेल वर चढत नव्हतंच. नळीच्या त्या लोंबत्या पोटात साचत होतं, साचून टर्बोपर्यंत मागे येत होतं, आणि सीलवरून ओसंडून धुराड्यात जात होतं. टर्बोचं सील म्हणजे बाटलीचं बूच नव्हे. उभं राहिलेलं तेल ते अडवत नाही. त्यात सम्पला भोक मी अगदी तळाशी पाडलं होतं, जितकं खाली तितकं बरं म्हणून. म्हणजे नळीचं तोंडही तेलात बुडालेलं. आणि ढील? प्रेसवर नळीचं एक टोक हलतं, म्हणून ढील लागते. इथे टर्बोही इंजिनवर, सम्पही इंजिनवर. दोघं एकत्रच हलतात. ढील हवी कशाला?

"मॅडम, टर्बो चांगला आहे," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

बालाजी खुणेने नको नको म्हणत होता. मी त्याच्यासमोरच किटवाल्याला फोन लावला आणि तेच सांगितलं.

"उद्या होईल?" मॅडमनी विचारलं.

"एसी काढावा लागेल."

"काढा. मला गाडीत शर्यत मारायचीय, झोपायचं नाहीये."

शनिवारी, दसऱ्याला, सात वाजता पूजा झाली. बालाजीने पान्याला नमस्कार करून तो माझ्या हातात दिला आणि आम्ही भिडलो. एसीचा पट्टा वेगळा होता, काढला तरी बाकी काही अडत नव्हतं, ते नशीब. कॉम्प्रेसर निघाला. टर्बो सैल करून त्याचं तेलाचं तोंड सरळ जमिनीकडे फिरवलं. सम्प उतरवला, धुतला. जुनं भोक बालाजीने पत्रा लावून बुजवलं आणि तेलाच्या पातळीच्या वर नवीन तोंड वेल्ड केलं. मग वेल्डवर बाहेरून खडू घासला आणि आतून डिझेल ओतलं. कुठे गळत असेल तर पांढऱ्या खडूवर ओला डाग उमटतो. एक उमटला. बालाजीने परत वेल्डिंग केलं. परत खडू. परत डाग, मोहरीएवढा.

"चालंल की अण्णा, एवढ्यानं काय हुतंय?"

"नाही चालणार. परत."

तिसऱ्यांदा खडू कोरडा राहिला. नवी नळी वीतभराची निघाली. आखूड, जाड आणि सरळ. दिसायला अगदी बावळट.

साडेतीनला गाडी सुरू केली. सायलेन्सरसमोर मी पांढरं फडकं धरलं. पाच मिनिटं, दहा, अर्धा तास. मध्ये रेस दिली, सोडली, परत दिली. फडकं कोरडं. अनुजा मॅडमनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, आणि तिथेच ढसाढसा रडल्या. बालाजी घाईघाईने चहा सांगायला गेला.

रविवारी त्या सहाव्या आल्या. बक्षीस पहिल्या तिघांना होतं. पण शेवटच्या फेरीनंतर त्या उतरल्या, वेळेच्या फळ्याकडे पाहिलंही नाही, आधी मागे जाऊन हातमोज्यासकट सायलेन्सरमध्ये बोट घातलं. काजळी कोरडी होती. ते काळं बोट मला लांबूनच वर करून दाखवलं.

आता कुठलीही नळी टाकण्याआधी मी एकच विचारतो, यातलं तेल पुढे कोण नेणार? पंप नेणार असेल तर हवी तशी वळवा, कौतुक करून घ्या. कोणीच नेणार नसेल तर सरळ खाली सोडा. मध्ये एसी येत असेल तर एसी काढा आणि गिऱ्हाइकाला घाम पुसायला टॉवेल द्या.