बटलरचं दुसरं वाक्य

सिरिल प्लमरला सिनेमात दोनच वाक्यं होती. दरोडेखोर बंदुका रोखून घरात घुसतात आणि बटलर झालेला सिरिल ट्रे सांभाळत म्हणतो, "मालक झोपलेत, बंदुका छत्र्यांशेजारी ठेवाल का?" मग दुसरं, "चहा किती जणांना?"

दुसरं वाक्य कापलं गेलं तर पुन्हा फोन करू नकोस, असं एजंटने बजावलं होतं. दोन वर्षं सिरिल घरी बसून होता. बायको एनिड शाळेत जेवण वाढून घर चालवत होती.

तीस वर्षं त्याने समुद्रकाठच्या थिएटरांत लोकांना हसवलं होतं. पहिलं वाक्य टाकायचं, हशा ओसरू द्यायचा, मग दुसरं. इथेही तो हशासाठी थांबत होता, आणि स्टुडिओत कोणी हूं की चूं करत नव्हतं.

"सिरिल, दोस्ता, विसरलास का?" अमेरिकन दिग्दर्शक केसलरने पाचव्यांदा विचारलं. "आमच्याकडे धडाधड बोलतात."

आवाज टिपणारा रेज हळूच म्हणाला, "आम्ही ओठ चावून उभे असतो रे. हसलो तर शॉट फुकट जातो. तू कशाला वाट बघतोस?"

सिरिलला हे कळत का नव्हतं? पण जीभ हशाशिवाय उचलतच नव्हती.

"शेवटचं," केसलर म्हणाला. "नाही जमलं तर चहाचं वाक्य मी एका चोराला देतो."

सिरिलने मनाशी ठरवलं, थांबायचं नाही. पहिलं वाक्य टाकलं, लगेच तोंड उघडलं, आणि शब्दच गेले. तो चोरांकडे बघत राहिला. ट्रेमधले कप किणकिणायला लागले. वर दिवे सांभाळणारा फिस्सकन हसला. मग रेज, मग सगळेच. केसलर तर खुर्चीत आडवा झाला.

"शॉट गेला," तो डोळे पुसत म्हणाला, "पण काय केलंस लेका. हेच पुन्हा कर. अगदी असंच."

सिरिलने पुन्हा तोंड उघडं ठेवलं. मुद्दाम कप वाजवले. कोणाला ओठ चावावे लागले नाहीत. आणखी दोनदा केलं. केसलरने घड्याळ बघितलं आणि एका चोराला चहाचं वाक्य पाठ करायला सांगितलं.

सिरिल त्याच्या खुर्चीपाशी गेला. "साहेब, मघाशी मी नक्की काय केलं होतं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"बरं." सिरिल जरा घुटमळला. "ट्रे तरी माझ्याच हातात राहू द्याल ना?"