शेवटची चाळीस पानं

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. कुणी विचारलंच, तर "सिनेमा टुकार होता" म्हणून हसून मोकळा व्हायचो. टुकार होताच. तो कुणी केला, एवढंच सांगायचं राहिलं.

ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत, दोन खोल्या सोडून एक मास्तर राहत. शाळेत भूगोल शिकवत. तरुणपणी त्यांनी भुताची एक कादंबरी लिहिली होती. बंद विहिरीतून कुणीतरी रोज पाणी शेंदतं आणि तो आवाज फक्त एका भाडेकरूला येतो. तिच्यावर युद्धाआधी बोलपट निघाला. मास्तरांनी हक्क तेव्हाच विकून टाकले. त्या बोलपटाची रिळं पुढे जळाली. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत दादरच्या एका निर्मात्याला तो नव्याने काढायची हुक्की आली. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. मी त्याचा कारकून, म्हणून कादंबरीचा गोषवारा लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मास्तरांकडे पुस्तक मागायची लाज वाटली. शेजारी राहून आपण ते वाचलेलं नाही, हे उघड झालं असतं. म्हणून गिरगावातल्या वाचनालयातून आणलं. शेवटची चाळीस पानं गायब. तिथल्या रहस्यकथांचं असं व्हायचंच. एखादा सभासद शेवट घरी ठेवून उरलेलं पुस्तक परत करायचा. हरताळाच्या दिवसांत दुसरी प्रत कुठे शोधणार? मी शेवट रचला. भूत म्हणजे पांढरं पातळ नेसलेला, चोरटं सोनं लपवणारा मुनीम. निर्मात्याने माझी पाठ थोपटली.

सिनेमा लागला आणि अख्खी चाळ गेली. विहीर पुठ्ठ्याची, नायक काठाला टेकला की डुलायची. तिच्याभोवती बारा मुली कोरड्या घागरी घेऊन नाचल्या. भुताच्या मनगटावर घड्याळ होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, भुताला वेळ विचारा, मोर्चाला जायचंय." थेटर हसलं. मास्तर माझ्या पुढच्याच रांगेत होते. त्यांची मान हलली नाही.

चाळीच्या फळ्यावर सभा-मोर्च्यांच्या बातम्या मी लिहीत असे. दुसऱ्या सकाळी खाली एक ओळ जास्त घातली: 'चाळीतल्या लेखकांचे भूत पकडले. शेजाऱ्यांनी निर्धास्त असावे.' वाहवा झाली.

मास्तर शाळेत निघाले होते. फळ्यापाशी थांबले.

"अक्षर छान आहे रे तुझं. पण तो मुनीम माझा नाही. कुणी घातला, कळलं तर सांगशील? तू त्या निर्मात्याकडेच असतोस."

"विचारतो," मी म्हणालो.

त्यांची दुसरी कादंबरी प्रकाशकाने परत पाठवली. मुनीमवाल्या लेखकाचं पुस्तक कोण घेणार, म्हणाला. त्यानंतर मास्तरांनी भूगोलच शिकवला.

पुष्कळ वर्षांनी रद्दीच्या दुकानात अखंड प्रत सापडली. पाणी शेंदणारा तो भाडेकरूच असतो. आपण कधीच बुडून मेलोय, हे त्यालाच ठाऊक नसतं. तिथेच उभ्या उभ्या अंगावर काटा आला. मास्तर तेव्हा माहीमला राहायला गेले होते. गेलो. त्यांनी चहा दिला.

"काय रे, सापडला का मुनीम?"

"तपास चालू आहे, मास्तर."

ते हसले. मीही हसलो. खाली उतरलो, जिन्याशी बराच वेळ थांबलो, वर गेलो नाही. त्याच वर्षी मास्तर गेले.

वाक्य तेव्हाच तयार होतं, अजून आहे: मास्तर, मुनीम माझा. तुमचा शेवट मी वाचलाच नव्हता. मला माफ करा.