लुईजाचा कवंदीचा कोट

लुईजाला मी पहिल्याच दिवशी नावं ठेवली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

इथे परदेशात, ट्रुगानिनाजवळच्या वृद्धांच्या एज्ड केअरमध्ये मी नवीन होते. ब्रेकमध्ये आईला फोनवर सांगत होते, इथली ती आफ्रिकन नर्स फार खडूस आहे, दमवून मारते.

फोन ठेवला. ती शेजारच्याच टेबलवर सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता मराठीत म्हणाली,
"खडूस आहेच मी. पण आफ्रिकन म्हटलंस ते बरं केलंस."

ती हळियाळची, कर्नाटकातली सिद्दी. शेकडो वर्षांपूर्वी तिच्या पूर्वजांना गुलाम करून आफ्रिकेतून आणलं होतं. घरात कोकणी-मराठी, नर्सिंग बेळगावला.

आपल्या गणपतीत लोक तिच्याशी इंग्रजीत बोलायचे. इथल्या आफ्रिकन मैत्रिणींना ती इंडियन वाटायची.

ती वाद घालायची नाही. शिवायची.

आईकडून शिकलेली कवंदी. म्हणजे जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून हाताने शिवलेली सिद्दी बायकांची गोधडी. लुईजा तसेच कोट करायची. आईचं लुगडं, नवऱ्याचे जुने शर्ट, घानाच्या मैत्रिणीने दिलेलं पिवळंजर्द कापड.

"आमच्या बायकांना तिकडून काही आणता आलं नाही," ती एकदा म्हणाली. "हात तेवढे आणले."

मुलगी अनिता म्हणायची, "मम, प्लीज, नॉट टू स्कूल."
मग लुईजा कोट गाडीत काढून ठेवायची आणि शाळेच्या गेटपाशी उतरायची.

कॅन्सर झाला. किमोने बोटं बधिर झाली. अनितासाठी शिवायला घेतलेला कोट अर्धा राहिला होता.

मॉर्निंग शिफ्ट संपली की आर्व्होला, म्हणजे दुपारी, मी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती सांगायची, मी शिवायचे, ती उसवायला लावायची. मला बटणही धड लावता येत नाही.

एकदा वैतागून म्हटलं, आतले टाके कोण बघणार आहे?
"बघत नाही कोणी. घालणारीला टोचतात."

नंतरच्या आठवड्यात माझ्या डबल शिफ्ट होत्या. जीव नको झाला होता. मेसेज टाकला, वीकेंडला येते. तिचा रिप्लाय आला, नो वरीज.

शुक्रवारी ती गेली.

फ्युनरलला अनिता तो कोट घालून आली. एकाच बाहीचा. मी म्हटलं, दुसरी मी लावून देते. ती नको म्हणाली.

वर्षभर ती व्हिडिओ कॉलवर हळियाळच्या मावशीकडून कवंदी शिकत होती. मावशीला इंग्लिश येत नाही, हिला कोकणी धड येत नाही.

परवा तिने दुसरी बाही लावून दाखवली. त्यात लुईजाच्या युनिफॉर्मचा निळा तुकडा होता.

मी बाही उलटून आतले टाके पाहिले.
अनिता म्हणाली, "शाळेत घालून गेले होते. ऑल डे."

लुईजा, त्या आठवड्यात मी यायला हवं होतं.

खूप दमली होतीस. शांत झोप गं.