शेवटच्या बिल्डिंगचं पाणी

नगरसेवकाच्या शेजारी खुर्ची टाकून बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत, ते अर्ज घेऊन आपणच रांगेत येतात. चारकोपला आमच्या नगरसेवकाकडे, भाऊंकडे, मी तीन वर्षं बसलो. दिवसा बँकेत क्लार्क, संध्याकाळी आणि रविवारी फुकटचा पत्रलेखक. भाऊ मालवणकडचे, गिरणीतून आलेले. सही झकास, बाकी अक्षराची वाट लागलेली, म्हणून मी.

रहिवासाचा दाखला सांगताना ते ठोकून द्यायचे, "लिही, यांना दहा वर्षं इथेच बघतोय." मी म्हटलं, भाऊ, कॉलनीच तीन वर्षांची आहे.

"अरे, नळावर भांडतात कसे बघ. दहा वर्षांची ओळख लागते त्याला. लिही तू."

सेक्टरात फोन एकच, भाऊंच्या ऑफिसात. कुणाचा आला की स्वतः जिने चढून निरोप द्यायचे. एकदा चौथ्या मजल्यावरच्या सुनेला सासूचा फोन आला. ती म्हणाली, घरी नाही सांगा. भाऊ धापा टाकत खाली आले आणि सासूबाईंना म्हणाले, मी स्वतः बघून आलो, सूनबाई घरी नाहीत. फोन ठेवून मला म्हणाले,

"सासूचं मत दादरला आहे रे. सुनेचं आपल्याकडे."

मग पाण्याची नवी लाइन आली. मुख्य पाइप भाऊंच्या बिल्डिंगच्या दारातूनच जात होता. इंजिनिअर म्हणाले, इथूनच सुरुवात करू. भाऊ म्हणाले, छे, लोक काय म्हणतील! पलीकडच्या टोकापासून करा. झालं. सगळ्यांकडे नळ आले आणि भाऊंच्या बिल्डिंगपाशी पाइप संपले. वहिनी कंबरदुखीच्या, तरी महिनाभर शेजारच्या बिल्डिंगमधून कळशा वाहून तीन जिने चढत होत्या. मला राग यायचा. भाऊंना सांगितलं तर म्हणायचे, आपल्या घरासाठी शब्द कसा टाकू?

एका रविवारी रांग सरकता सरकता वहिनी टेबलापाशी आल्या. हातात अर्ज, रीतसर, पाणी नसल्याबद्दल. मागे वीसेक माणसं. भाऊंनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, माझ्याकडून नंबर टाकून घेतला आणि इतरांशी बोलायचे त्याच आवाजात म्हणाले,

"बाई, इंजिनिअर परवा येतायत. तोवर जरा कळ काढा."

वहिनींनी पदर खोचला.

"बरा तर. मगे जेवूक पण परवाच येवा."

भाऊ म्हणाले, "पुढचे कोण?"