वजन न घेणारी भिंत

दुष्काळाच्या त्या वर्षी मी मुंबईहून कोल्हारला आलो, तो वडिलांना, म्हणजे दादांना, घेऊन जायला. दादा दगडी बांधकामाचे गवंडी. पण अशा वर्षात घर बांधतंय कोण? रस्त्याच्या दुष्काळी कामावर ते खडी फोडत होते. उभा जन्म दगड घडवला, आता तोच फोडायचा. मला ते बघवेना. मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होतो, बावीस मजली इमारतीचे नकाशे काढायचो. तिथल्या मुकादमाला सांगून दादांसाठी काम धरून ठेवलं होतं. दादा तयार झाले. आईनं त्यांची थापी, ओळंबा ही हत्यारं पिशवीत बांधूनही ठेवली.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण नाही, मला शहाणपण दाखवायचं होतं. दुपारी ओसरीवर नकाशा पसरला.

दादा ओणवे होऊन बराच वेळ बघत राहिले. "भित्ती लईच बारीक काढल्यात रं. बावीस मजलं पेलायच्या कशा?"

"दादा, भिंती काहीच पेलत नाहीत. सगळा भार या कॉलमांवर. भिंत नुसती आडोशाला. उद्या पाडली तरी इमारत हलायची नाही."

"आन् दगूड कुठं लावत्यात?"

"छे! दगडाचे दिवस गेले आता."

"मंग गवंडी कशापायी पायजे?"

"विटा रचायला. कुणालाही जमतं ते."

बोलून गेलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली, कडा नीट जुळवल्या आणि माझ्या हातात दिली. "मी न्हाई येत," एवढंच म्हणाले. मी दोनदा विनवलं, पण त्यांनी मान वर केली नाही. आईनं पिशवी सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातोडा घेऊन कामावर गेले, मी एसटीत बसलो.

राहुरी जवळ आली तेव्हा आठवलं. इमारतीच्या दर्शनी बाजूला खालची भिंत घडीव काळ्या दगडाची होती. तिचा नकाशा महिन्यापूर्वी मीच काढला होता, आणि असा दगड घडवणारा माणूस मिळत नाही म्हणून साहेब रोज कुरकुरत होते. नेमका तोच कागद मी आणला नव्हता, आणि बढाया मारण्याच्या भरात तो आठवलाही नव्हता. गाढव मी, दुसरं काय!

राहुरीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली. कोल्हारकडे जाणारी गाडी समोरच उभी होती, रिकामीच. जिवाची घालमेल व्हायला हवी होती. खरं सांगतो, काहीसुद्धा झालं नाही. उतरलो, चहा घेतला, कप परत दिला आणि पुन्हा माझ्या जागेवर येऊन बसलो. पत्रानं कळवू, म्हटलं. ते पत्र मी लिहिलं नाही. दादा पाऊस पडेपर्यंत खडी फोडत राहिले.