व्होल्टेज न मानणारा कण

बेळगावच्या कॉलेजात मी ई-बुकच्या पडद्यावर संशोधन करत होते. दोन काचांमध्ये तेल, तेलात काळे-पांढरे रंगकण, आणि काचांना आतून वीज वाहणारा पारदर्शक थर. व्होल्टेज उलटं केलं की काळे खाली जायचे, पांढरे वर यायचे. काही हट्टी कण मात्र काचेलाच चिकटतात, मग आधीच्या पानाची सावली नव्या पानावर राहते. ते का चिकटतात, हे शोधायला मी दिवसभर मायक्रोस्कोपला उजवा डोळा लावून बसायचे.

एकदा असा एक काळा सापडला. व्होल्टेज किती का उलटंसुलटं करा, हा पठ्ठ्या आपला वरच! जरासा सरकायचा, पण खाली जायचं नाव नाही. मला लई आनंद झाला. काच बदलली, तर त्या काचेतही तसाच एक होता. मी म्हटलं, चला, प्रबंध झालाच. वडगावला घरी जाताना डोळ्याच्या कडेला वीज चमकायची आणि वर बघावं तर आभाळ स्वच्छ. थकवा असेल म्हणून मी सोडून दिलं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी फोटो मागितला. कॉम्प्युटरवर काढून दाखवला.

"हा बघा, सर."

"कुठं?"

मी त्याच्यावर बोट ठेवलं. तो बोटाखालून सरकला, स्क्रीनच्या बाहेर आला आणि भिंतीवर जाऊन थांबला.

"तिथं काहीच नाही," सर हळू म्हणाले.

मी डावा डोळा झाकला, कण होता. उजवा झाकला, कण गेला.

कॅम्पातल्या डॉक्टरांनी डोळ्यात दिवा मारून बघितलं आणि सरळ सांगितलं, आतला पडदा फाटलाय, सुटत चाललाय, सकाळीच ऑपरेशन करू. नजर राहील का, असं विचारलं, तर म्हणाले, "पडदा मधोमध सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर."

संध्याकाळी दवाखान्यात आई उशाशी बसली होती. दिवसभर कापडाच्या लूमवर उभी राहून तशीच आलेली. उजव्या डोळ्यात खालून काहीतरी काळं वर चढत होतं. किती चढलंय बघावं म्हणून मी डावा झाकला.

"माझं तोंड दिसतंय का गं?" आईनं विचारलं.

"व्हय, दिसतंय की."

कपाळ दिसत होतं, कुंकू दिसत होतं. त्याखाली काहीच नव्हतं, नुसता तिचा आवाज येत होता.